मेंदूच्या स्कॅनबाबत दुसरे वैद्यकीय मत

मेंदूच्या स्कॅनबाबत दुसरे वैद्यकीय मत म्हणजे मेंदूच्या सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. तपासणीतील प्रतिमा, त्यांवरील लेखी अहवाल आणि त्यांच्या आधारे सुचवलेले उपचार पहिल्या डॉक्टरांखेरीज अन्य तज्ज्ञाकडून स्वतंत्रपणे तपासून घेणे होय. कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया, अनेक महिने चालणारी औषधे, किरणोपचार किंवा आयुष्यभराचा आजार यांपैकी काही सुचवले गेल्यास असे मत घेतले जाते. भारतात रुग्ण हक्क सनदेच्या मसुद्यात त्याचा रुग्णाचा हक्क म्हणून समावेश आहे. मेंदूविकारतज्ज्ञ आणि मेंदूच्या प्रतिमांचे विशेष जाणकार प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने, वऱ्हाडातील अचलपूरसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णासाठी या हक्काचा उपयोग बऱ्याच अंशी मूळ प्रतिमा आणि जुनी कागदपत्रे त्याच्या हाती असण्यावर अवलंबून असतो.

स्वरूप

दुसरे मत सामान्यतः तीन प्रकारचे असते.

प्रतिमांचे पुनर्वाचन : रेडिओलॉजिस्ट, विशेषतः मेंदू व मज्जारज्जूच्या प्रतिमांचा विशेष अभ्यास केलेला न्यूरोरेडिओलॉजिस्ट, त्याच प्रतिमा पुन्हा पाहून स्वतःचा अहवाल देतो. यासाठी रुग्णाने प्रत्यक्ष हजर असणे आवश्यक नसते.

चिकित्सकाचे मत : मेंदूविकारतज्ज्ञ (न्यूरोलॉजिस्ट) किंवा मेंदूशल्यचिकित्सक (न्यूरोसर्जन) रुग्णाला तपासतो, आजाराचा इतिहास विचारतो आणि प्रतिमा स्वतः पाहून निदान व उपचारांविषयी मत देतो.

तज्ज्ञमंडळाचे मत : मेंदूतील अर्बुदांसारख्या गुंतागुंतीच्या आजारांत शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट व विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत अशा बैठका नियमित होतात.

दुसरे मत आणि दुसऱ्यांदा केलेला स्कॅन या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या तपासणीच्या प्रतिमा चांगल्या दर्जाच्या असतील तर पुनर्वाचनासाठी त्या पुरेशा ठरतात. डोक्याच्या एका सी.टी. स्कॅनमध्ये रुग्णाला साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, एम.आर.आय.मध्ये असा किरणोत्सर्ग नसतो, मात्र खर्च व वेळ अधिक लागतो. त्याचप्रमाणे, विमा किंवा शासकीय योजनेतून उपचाराला पूर्वमंजुरी मिळणे म्हणजेही दुसरे मत नव्हे. पूर्वमंजुरीत उपचार योजनेच्या नियमांत बसतो का आणि कागदपत्रे पुरेशी आहेत का, हे पाहिले जाते. रुग्णाची नव्याने तपासणी होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जिवंत माणसाच्या मेंदूचे छेदचित्र प्रथम सी.टी. स्कॅनमुळे मिळू लागले. इंग्रज अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड याने विकसित केलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला स्कॅन करण्यात आला. या शोधासाठी हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एम.आर.आय. तंत्राच्या पायाभूत संशोधनासाठी पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यापूर्वी मेंदूतील गाठीचा अंदाज रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून किंवा मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून बांधावा लागे.

प्रारंभीच्या काळात स्कॅनची निवडक चित्रे मोठ्या फिल्मवर छापून रुग्णाला दिली जात आणि दुसरे मत घेणारा रुग्ण तीच फिल्म घेऊन फिरत असे. १९९३ मध्ये वैद्यकीय प्रतिमांसाठी 'डायकॉम' हे प्रमाणित संगणकीय स्वरूप प्रचलित झाले. त्यामुळे तपासणीतील प्रत्येक छेद मूळ दर्जासह सी.डी., पेन ड्राइव्ह किंवा आंतरजालाद्वारे दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवणे शक्य झाले.

अहवालांत फरक पडण्याची कारणे

स्कॅन हे छायाचित्राप्रमाणे पाहताक्षणी सर्वांना सारखेच दिसणारे चित्र नसते. एका एम.आर.आय. तपासणीत वेगवेगळ्या पद्धतींनी घेतलेल्या शेकडो प्रतिमा असतात. त्यांत दिसणाऱ्या पांढऱ्या, काळ्या व करड्या छटांचा अर्थ लावावा लागतो. अहवालांत फरक पडण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

अपुरी माहिती : तपासणीच्या चिठ्ठीवर केवळ 'डोकेदुखी' एवढेच लिहिलेले असेल, तर अहवाल लिहिणाऱ्याला रुग्णाचा ताप, झटके, जुना क्षयरोग किंवा पूर्वीचा कर्करोग यांची कल्पना नसते. अहवालाच्या शेवटी 'लक्षणांशी ताडून पाहावे' अशा अर्थाची सूचना असते, ती यामुळेच.

तपासणीची पद्धत : छेदांची जाडी, यंत्राची चुंबकीय क्षमता (सामान्यतः १.५ किंवा ३ टेस्ला), शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य दिले की नाही आणि तपासणीवेळी रुग्ण हलला का, यांवर प्रतिमेचा दर्जा ठरतो.

भिन्न आजारांचे समान रूप : कॉन्ट्रास्ट दिल्यानंतर कड्यासारखी दिसणारी गाठ क्षयरोग, कृमीची पुटी, पू साचणे किंवा कर्करोग यांपैकी कशाचीही असू शकते. मेंदूच्या श्वेतद्रव्यातील लहान पांढरे ठिपके वाढते वय, उच्च रक्तदाब, अर्धशिशी व मल्टिपल स्क्लेरोसिस अशा वेगवेगळ्या कारणांनी दिसतात.

एका दोषानंतर शोध थांबणे : एक ठळक विकृती सापडल्यावर त्याच स्कॅनमधील दुसरी लहान विकृती नजरेतून सुटण्याची शक्यता वाढते. रेडिओलॉजीत ही परिचित चूक मानली जाते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या न्यूरोरेडिओलॉजी विभागाने बाहेरून आलेल्या ४,५३४ तपासण्यांच्या मूळ अहवालांची आपल्या पुनर्वाचनाशी तुलना केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३४७ तपासण्यांत, म्हणजे ७.७ टक्के प्रकरणांत, उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आढळला. पुढे ज्या प्रकरणांत अंतिम निदान उपलब्ध झाले, त्यांपैकी ८४ टक्के प्रकरणांत दुसरे मत बरोबर ठरले. याचा अर्थ असा की बहुसंख्य अहवाल पुनर्वाचनात टिकतात. आणि मतभेद झाला असता दुसरे मतच नेहमी खरे असते, असेही नाही.

योगायोगाने आढळणाऱ्या विकृती

अन्य कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये अनेकदा लक्षणांशी संबंध नसलेल्या गोष्टी दिसतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे सर्वसामान्य लोकसंख्येतील ४५ वर्षे व त्यांवरील २,००० व्यक्तींच्या मेंदूचे एम.आर.आय. करण्यात आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ७.२ टक्के व्यक्तींत लक्षणे न देता होऊन गेलेले मेंदूतील रक्तपुरवठ्याचे आघात, १.८ टक्के व्यक्तींत रक्तवाहिनीचा फुगवटा आणि १.६ टक्के व्यक्तींत सौम्य अर्बुदे, प्रामुख्याने मेनिंजिओमा, आढळली. अशा प्रसंगी दुसऱ्या मताचा मुख्य प्रश्न 'हे काय आहे?' एवढाच नसतो. 'याला हात लावण्याची गरज आहे का?' हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो. काही काळाने पुन्हा स्कॅन करून लक्ष ठेवणे हाही अनेकदा योग्य उपचार असतो.

पुनर्विचाराने बदललेली निदाने

एकटी लहान गाठ : क्षयरोग की कृमीची पुटी

स्कॅनच्या पुनर्विचाराचे भारतातील ठळक उदाहरण अपस्माराशी (फिट, मिरगी किंवा झटके) संबंधित आहे. १९८० च्या दशकात झटके येणाऱ्या अनेक भारतीय रुग्णांच्या सी.टी. स्कॅनमध्ये एकच लहान, कड्यासारखी गाठ दिसे. देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने ती सहसा क्षयरोगाची गाठ (ट्यूबरक्युलोमा) मानली जाई आणि रुग्णाला अनेक महिने क्षयरोगविरोधी औषधे दिली जात. तथापि, यांपैकी कित्येक गाठी केवळ झटक्यांची औषधे चालू असतानाही नाहीशा होत असल्याचे दिसून आले.

वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठींचे नमुने काढून तपासले. यांतील अनेक गाठी सिस्टिसर्कस, म्हणजे डुकरातील पट्टकृमीच्या अळीची पुटी, असल्याचे त्यांनी १९८९ पासूनच्या शोधनिबंधांत दाखवले. १९९३ मध्ये या गटाने दोन्ही आजार ओळखण्याचे निकष प्रसिद्ध केले. गाठ एकच असणे, तिचा व्यास २० मिलिमीटरपेक्षा अधिक नसणे आणि सुजेमुळे मेंदूची मध्यरेषा सरकलेली नसणे हे स्कॅनमधील निकष होते. त्यांना रुग्णाच्या तपासणीची जोड देण्यात आली : आजाराची सुरुवात झटक्याने झालेली असावी, कवटीतील दाब सतत वाढलेला नसावा, वाढत जाणारी विकलता नसावी आणि शरीरात अन्यत्र सक्रिय आजार नसावा. या निकषांत बसणाऱ्या रुग्णांना शस्त्रक्रिया व क्षयरोगाची दीर्घ औषधे दोन्ही टाळता येऊ लागली.

हा आजार केवळ डुकराचे मांस खाणाऱ्यांना होतो, हा समज चुकीचा आहे. मानवी विष्ठेतून बाहेर पडलेली पट्टकृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेला भाजीपाला किंवा अस्वच्छ हात यांद्वारे पोटात गेल्यास तो होतो. त्यामुळे तो शाकाहारी व्यक्तींतही आढळतो. 'आम्ही मांस खात नाही' या उत्तरावरून तो नाकारता येत नाही.

भयावह स्कॅन, सौम्य आजार

मुंबईतील बॉम्बे हॉस्पिटलचे मेंदूविकारतज्ज्ञ भीमसेन सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अगरवाल समाजातील काही मुलांमध्ये एका विशिष्ट श्वेतद्रव्य-विकाराचे वर्णन केले. या मुलांच्या डोक्याचा आकार लहानपणापासून मोठा होता. एम.आर.आय.मध्ये जवळजवळ संपूर्ण श्वेतद्रव्य सुजलेले व पुट्या झालेले दिसे. प्रत्यक्षात मुले बऱ्याच वर्षांपर्यंत चालत-बोलत असत आणि त्यांची विकलता हळूहळू वाढत असे. नेदरलँड्सच्या मार्यो व्हान डर क्नाप यांनी १९९५ मध्ये अशाच आठ मुलांचे वर्णन केले होते. पुढे अगरवाल समाजातील रुग्णांमध्ये 'एम.एल.सी.१' या जनुकातील एकच समान बदल आढळला. केवळ प्रतिमा पाहणाऱ्याने मूल वाचणार नाही असा निष्कर्ष काढण्याची शक्यता असते. मुलाला तपासणारा आणि कुटुंबाचा इतिहास विचारणारा चिकित्सक वेगळ्या निष्कर्षाला पोहोचतो.

सिकलसेल व मेंदूतील मूक आघात

विदर्भातील काही आदिवासी व अन्य समाजांत सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. याशिवाय कोणतेही बाह्य लक्षण न देता मेंदूच्या लहान भागांचा रक्तपुरवठा बंद पडल्याच्या खुणा एम.आर.आय.मध्ये दिसतात. स्कॅन वाचणाऱ्या तज्ज्ञाला रक्ताचा सिकलसेल अहवाल दाखवला नाही, तर या खुणांचे भलतेच कारण शोधले जाऊ शकते. हा तज्ज्ञ विदर्भाबाहेरचा असेल, तर ही माहिती मुद्दाम कळवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

मेंदूतील अर्बुदे

अर्बुदाचा प्रकार केवळ स्कॅनवरून निश्चित होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणापासून मेंदूच्या अर्बुदांच्या निदानात जनुकीय चाचण्यांचा समावेश झाला आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत तो वाढला. म्हणून अर्बुदाबाबत दुसरे मत घेताना प्रतिमांबरोबरच काढलेल्या ऊतीच्या काचपट्ट्या आणि मेणातील ठोकळा (ब्लॉक) यांचीही फेरतपासणी होते. ब्लॉक ज्या प्रयोगशाळेत तपासला गेला तेथे जपून ठेवलेला असतो व तो मागणी केल्यावर मिळवता येतो.

दुसऱ्या मतासाठी थांबू नये अशा स्थिती

दुसरे मत हे विचारपूर्वक घ्यावयाच्या निर्णयांसाठी असते. पुढील स्थितींत प्रथम उपचार आणि नंतर मत, हा क्रम पाळला जातो.

- चेहरा अचानक वाकडा होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, वाचा जाणे (पक्षाघात, बोलीभाषेत लकवा). रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या ४.५ तासांतच देता येते. निवडक रुग्णांत गुठळी नळीवाटे काढण्याची प्रक्रिया २४ तासांपर्यंत करता येते. तथापि प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने मेंदूची हानी वाढत जाते.
- डोक्याला मार लागल्यानंतर शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या होणे किंवा वाढती गुंगी.
- आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक तीव्र डोकेदुखी.
- न थांबणारे किंवा शुद्ध न येता पुन्हा पुन्हा येणारे झटके.
- डोकेदुखी व उलट्यांबरोबर दृष्टी झपाट्याने कमी होणे.

महाराष्ट्रात अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

प्रक्रिया व कागदपत्रे

दुसऱ्या मताचा उपयोग तज्ज्ञाच्या कौशल्याइतकाच त्याच्यापुढे ठेवलेल्या सामग्रीवर अवलंबून असतो. सामान्यतः पुढील गोष्टी आवश्यक असतात.

- डायकॉम स्वरूपातील सर्व मूळ प्रतिमा. फिल्मवर निवडक चित्रेच छापलेली असतात. खिडकीच्या उजेडात धरलेल्या फिल्मचे भ्रमणध्वनीवर काढून पाठवलेले छायाचित्र प्राथमिक चर्चेला उपयोगी पडते. निदान बदलण्यासाठी ते पुरेसे नसते.
- पहिला लेखी अहवाल. अनेक तज्ज्ञ प्रतिमा आधी स्वतः पाहून मग तो वाचतात.
- यापूर्वीचे सर्व स्कॅन. गाठ वाढली, घटली की तशीच राहिली, हे जुन्या स्कॅनशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. म्हणून जुनी सी.डी. 'आता कामाची नाही' असे समजून टाकून दिल्यास मोठे नुकसान होते.
- डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे व पाठीतील पाण्याचे (सी.एस.एफ.) अहवाल, चालू औषधांची नावे व मात्रा.
- लक्षणांचा तारखांसह क्रम. झटका प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीने सोबत असणे, किंवा झटक्याचे चित्रीकरण उपलब्ध असणे, निदानाला मोठी मदत करते.

प्रतिमांवरील नाव, वय, तारीख आणि डावी-उजवी बाजू अहवालाशी जुळतात का, हे प्रथम तपासले जाते.

लेखी शब्दांचे महत्त्व मराठी भाषकांसाठी विशेष आहे. बोलण्यात 'डोक्यात गाठ आहे' असे म्हटले जाते, तेव्हा तो शब्द अर्बुद, क्षयरोगाची गाठ, कृमीची पुटी आणि रक्ताची गुठळी या चारही अर्थांनी वापरला गेलेला असू शकतो. या चौघांचे उपचार पूर्णतः वेगळे आहेत. त्याचप्रमाणे 'नस दबली', 'मेंदूला सूज', 'पाणी झाले' हे प्रयोग अनेक आजारांना लावले जातात. नातेवाइकांच्या तोंडून आलेला असा शब्द दुसऱ्या तज्ज्ञापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचा मूळ अर्थ हरवलेला असतो. म्हणून निदानाचे वैद्यकीय नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेणे उपयुक्त ठरते.

कायदेशीर चौकट

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन कराव्या लागतात. गंभीर, शंकास्पद किंवा अवघड आजारांत डॉक्टरांनी स्वतःहून दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, असेही ही संहिता सांगते. यांऐवजी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये अधिसूचित केलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित करण्यात आले.

महाराष्ट्रात या विषयावर महत्त्वाचा निर्णय १९९६ मध्ये झाला. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने, रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती देण्यास गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णालयाला नकार देता येणार नाही, असे स्पष्ट केले.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या आणि २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूचनांसाठी प्रसिद्ध केलेल्या रुग्ण हक्क सनदेच्या मसुद्यात १७ हक्क होते. नोंदी व अहवाल मिळण्याचा हक्क आणि दुसरे मत घेण्याचा हक्क यांचा त्यांत समावेश आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणांनी रुग्ण हक्कांच्या सनदेला राज्याच्या नियमांत स्थान दिले. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमुळे दूरस्थ सल्ल्यालाही स्पष्ट नियमावली मिळाली.

एका बाबतीत कायदाच एकापेक्षा अधिक डॉक्टरांचे मत अनिवार्य करतो. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ नुसार मेंदूस्तंभ मृत्यू घोषित करण्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि ठरावीक चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. हा निर्णय स्कॅनवर नव्हे, तर रुग्णाच्या प्रत्यक्ष चाचण्यांवर आधारलेला असतो. विदर्भात अवयवदानाचे समन्वयन नागपूर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र करते.

अचलपूर व वऱ्हाडातील स्थिती

अचलपूर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून परतवाडा हे त्याला लागून असलेले जुळे शहर आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेली ही जोडशहरे मेळघाटातील चिखलदरा व धारणी तालुक्यांतील लोकांसाठी बाजारपेठेबरोबरच उपचारांचेही ठिकाण आहेत. अचलपूर येथे शासकीय उपजिल्हा रुग्णालय आहे. मेंदूच्या गंभीर आजारांचे रुग्ण तेथून सुमारे ५० किलोमीटरवरील अमरावतीला पाठवले जातात. तेथील जिल्हा सामान्य रुग्णालय 'इर्विन' या जुन्या नावाने ओळखले जाते. अमरावतीतच विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि १९८४ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे.

यापुढील मतासाठी अचलपूर परिसरातील रुग्ण साधारणतः पुढील दिशांना जातात : अकोला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना २००२), वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय (संस्थेची स्थापना १९६९) आणि सुमारे २०० किलोमीटरवरील नागपूर. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७) व त्याला संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालय, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. अर्बुदांच्या बाबतीत मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, तर मेंदूच्या अन्य अवघड आजारांत बंगळूरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था (निम्हान्स) येथपर्यंत रुग्ण जातात.

या प्रवासाची किंमत तिकिटाच्या दरापुरती नसते. रुग्णासोबत किमान एक नातेवाईक जातो; दोघांची मजुरी बुडते आणि पेरणी किंवा कापूसवेचणीच्या दिवसांत शेतीचे काम थांबते. मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पोहोचल्यावर सी.डी. घरी राहिली असेल किंवा उघडत नसेल, तर तोच स्कॅन पुन्हा करावा लागतो किंवा परत फिरावे लागते. याउलट प्रतिमांचे पुनर्वाचन रुग्ण घरी असतानाही होऊ शकते. प्रथम प्रतिमा पाठवून मत घेणे आणि गरज असल्यासच रुग्णाने प्रवास करणे, हा क्रम दूरच्या गावांसाठी सोयीचा ठरतो. केंद्र शासनाची 'ई-संजीवनी' ही दूरस्थ सल्लासेवा आरोग्य केंद्रांना तज्ज्ञांशी जोडते. कर्करोगासाठी २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रीडने रुग्णालयांचे जाळे उभे केले आहे.

मेळघाटातील कोरकू भाषक रुग्णांपुढे भाषेची अडचण असते. लक्षणांचा इतिहास कोरकूतून हिंदीत किंवा वऱ्हाडीत आणि तेथून इंग्रजी कागदावर जाताना त्यातील तपशील गळतात. झटका किती वेळ टिकला, शरीराच्या कोणत्या बाजूने सुरू झाला आणि रुग्णाला नंतर काय आठवत होते, हे प्रश्न मेंदूच्या आजारांत निर्णायक असतात. त्यामुळे गावातील आशा कार्यकर्ती किंवा दोन्ही भाषा जाणणारा सोबती दुसऱ्या मताच्या वेळी उपयोगी पडतो.

उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती प्रथम राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती जिल्हा होता. २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. मेंदूशस्त्रक्रियांचा तिच्यात समावेश आहे. लाभ संलग्न रुग्णालयांतच मिळत असल्याने, दुसरे मत देणारे रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी विचारले जाते.

मते भिन्न आल्यास

दोन तज्ज्ञांची मते वेगळी आली, की तिसऱ्या, चौथ्या तज्ज्ञाकडे जाण्याची प्रवृत्ती दिसते. केवळ मतांची संख्या वाढवून निर्णय सोपा होत नाही. मतभेद नेमका कशाबद्दल आहे, हे आधी ठरवले जाते : प्रतिमेत काय दिसते याबद्दल, त्याच्या अर्थाबद्दल, की उपचाराच्या वेळेबद्दल. पहिल्या प्रकारचा मतभेद न्यूरोरेडिओलॉजिस्टच्या पुनर्वाचनाने किंवा अधिक चांगल्या दर्जाच्या तपासणीने मिटू शकतो. दुसऱ्यासाठी कॉन्ट्रास्टसह एम.आर.आय., पाठीतील पाण्याची तपासणी, ऊतिपरीक्षा किंवा काही आठवड्यांनी पुन्हा केलेला स्कॅन उपयोगी पडतो. तिसऱ्या प्रकारात दोन्ही मते वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकतात. तेथे रुग्णाचे वय, काम, घरची परिस्थिती आणि जोखीम पत्करण्याची तयारी यांनुसार निवड केली जाते. पहिल्या डॉक्टरांना दुसऱ्या मताचा लेखी कागद दाखवल्यास अनेकदा दोन्ही तज्ज्ञांत थेट चर्चा होऊन उपचारांची दिशा ठरते.

मर्यादा

दुसरे मत निदानाची खात्री वाढवते. ते अचूकतेची हमी देत नाही. केवळ प्रतिमांवर दिलेले मत रुग्णाला न तपासता दिलेले असते, ही त्याची मूलभूत मर्यादा आहे. पहिला स्कॅन सदोष असेल तर त्याचे पुनर्वाचनही अपुरे राहते. पहिल्याच मताला दुजोरा मिळाला तरी प्रयत्न वाया गेला असे मानले जात नाही, कारण शस्त्रक्रियेला संमती देताना रुग्ण व कुटुंबीय यांच्या मनातील शंका कमी होते. आपल्याला हवे तेच उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर बदलत राहण्यात मात्र उपचारांचा काळ निघून जाण्याचा धोका असतो. मत घेण्याच्या काळात झटक्यांची किंवा मेंदूची सूज कमी करणारी चालू औषधे परस्पर बंद करणे धोकादायक आहे. विशेषतः झटक्यांची औषधे एकाएकी थांबवल्यास न थांबणारे झटके सुरू होऊ शकतात.

हेही पाहा

- सी.टी. स्कॅन
- एम.आर.आय.
- अपस्मार
- पक्षाघात
- सिकलसेल आजार
- टेलिमेडिसिन
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना
- अचलपूर